झुलत्या पुलाची ओळ

मंदाताई,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच डोंगरी राज्याच्या बजेटचं पुस्तक उघडून बसले होते. संक्रांत होऊन एकच दिवस झाला होता, कीबोर्डशेजारी तिळाच्या वड्या पडल्या होत्या. भाऊजी म्हणाले, "सुजाता, मंदा गेली. सकाळी उठलीच नाही. तुला कळवायला हवं, म्हणून केला फोन." तुमच्या मिस्टरांचा आवाज नेहमीचाच, जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाचा, कधी न चढणारा. मी "बरं" म्हणाले. माणूस गेल्याचं कळल्यावर कुणी "बरं" म्हणतं का? आणि फोन ठेवून जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी आकडे भरत राहिले.

हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाविषयी लिहायला बसलं की लिहिणाराच पानागणिक चांगला होत जातो, आणि तुम्हाला असल्या लिखाणाचा वीट होता. ऑफिसात कुणा रिटायर झालेल्याच्या निरोपाचं भाषण संपलं की तुम्ही माझ्या कानात पुटपुटायचात, "ह्यात तो माणूस कुठे होता गं?" म्हणून मी इथे चांगली व्हायची नाही असं ठरवलंय. बघू किती जमतं.

बेलापूरच्या आपल्या त्या सातव्या मजल्यावर मी डेटा एंट्री करत होते. एम.कॉम. झाले होते, घणसोलीत फ्लॅटचा हप्ता सुरू झाला होता, आणि बजेट म्हणजे काय हे मला टीव्हीवर मंत्री बॅग उंच करून दाखवतात एवढंच माहीत होतं. तुम्ही आलात कोषागारातून निवृत्त होऊन. सुती साडी, डब्याची पिशवी, एक लाकडी फूटपट्टी. त्या पट्टीवरून पोरं हसली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पट्टी धरून ओळी वाचणारी बाई आम्ही आधी पाहिली नव्हती.

आपल्याकडे काम होतं एका डोंगरी राज्याचं. नाव लिहीत नाही, वकिलांनी नको म्हणून सांगितलंय. नकाशावर अंगठा ठेवला तर अख्खं झाकलं जाईल एवढं ते राज्य. तिथल्या वित्त विभागात माणसं थोडी, म्हणून बजेटच्या पुस्तकांची जुळणी, तक्ते, मंत्र्यांच्या भाषणाचा कच्चा मसुदा, सगळं टेंडर काढून आपल्या सरांच्या कंपनीला दिलेलं. म्हणजे बर्फाखालच्या गावांना वर्षभरात काय मिळणार, ते इथे एसीत बसून खाडीकडे बघत टाइप व्हायचं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. काम म्हणजे काम.

तुम्ही मला ते पुस्तक वाचायला शिकवलंत. "भाषण वाचू नकोस," म्हणालात. "भाषण सगळ्यांचं छान असतं. आधी मागच्या वर्षी ठरवलेलं आणि प्रत्यक्षात झालेलं शेजारी शेजारी ठेव. तरतूद म्हणजे लग्नाची बोलणी, खर्च म्हणजे संसार. संसार बघ." मग पट्टी खाली सरकवत दाखवलंत: हे पगार, हे पेन्शन, हे जुन्या कर्जांचं व्याज. राज्याची स्वतःची कमाई जेमतेम, बहुतेक पैसा दिल्लीहून येणार आणि आल्या पावली ह्या तीन दारांतून निघून जाणार. शेवटी उरतो तो चतकोर. शाळांची छपरं, दवाखान्यातली औषधं, दरड कोसळली की रस्ता मोकळा करणं, सगळं त्या चतकोरात. "म्हणून तर एकेका ओळीची किंमत असते इथे," तुम्ही म्हणालात. "मोठ्या राज्यात एखादी ओळ खाल्ली तर कुणाला ढेकरही ऐकू जात नाही. इथे एक ओळ गेली की एक खोरं गेलं."

मी तेव्हा तुमच्याशी वाद घातला होता. म्हटलं, "पण ताई, हे तर आपल्या जिवावर जगणारं राज्य. आपण इथे टॅक्स भरायचा आणि त्यांनी तिथे खायचा." तुम्ही चिडलात. पहिल्यांदाच. "तुझ्या वडिलांनी वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहिल्या ना? मग बाजार म्हणतो का, की हमाल आमच्या जिवावर जगतो? त्यांच्याकडून पाणी येतं, वीज येते, पोरं सैन्यात जातात. त्याची पावती फाडलीस कधी?" मला ते पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर वडिलांचं नाव काढलेलं लागलं होतं. संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं तर आबा हसले नि म्हणाले, "बाई शानी हाय तुजी."

मग तो ऑक्टोबर. खात्यांचे आकडे जुळवायला आपण दोघी त्या राज्याच्या राजधानीत गेलो. मीटिंगा झाल्या, शाली मिळाल्या, सुकामेव्याचे डबे मिळाले. परतीच्या आधी एक दिवस रिकामा होता. मला बाजारात जायचं होतं. तुम्हाला पूल बघायचा होता. "कुठला पूल?" मी विचारलं. तुम्ही पुस्तकातली ओळ दाखवलीत, 'झुलते पूल : देखभाल व दुरुस्ती', आणि यादीतलं एक गाव. "तीन वर्षं मी ह्याच्या पुढे आकडा टाकतेय. एकदा तोंड तरी बघू."

अर्धा दिवस जीपमध्ये गेला. मी दोनदा ओकले. पोचलो तर समोर दोन तारदोर, त्यांना लटकलेल्या फळ्या आणि खाली खडकांवर आपटणारी नदी. पलीकडे गाव. फळ्या जागोजागी नव्हत्या. त्या मोकळ्या जागांतून खालचं पाणी दिसत होतं.

पलीकडून एक बाई येत होती, खांद्याला निळा डबा अडकवून. ती कमलादीदी. आरोग्य केंद्रातली नर्स. आठवड्यातून एकदा त्या डब्यात बर्फ आणि लसी घालून ती पलीकडे जायची. तुम्ही तिला विचारलंत, दुरुस्ती कधी झाली होती? ती म्हणाली, "साल में दो बार साहब लोग नापने आते हैं, दीदी. फीता लाते हैं. लकड़ी नहीं लाते."

तुम्ही पर्स माझ्या हातात दिलीत, पदर खोचलात आणि पुलावर चढलात. त्रेसष्ट वर्षांच्या होतात. मी ओरडले, "ताई, काय करताय?" तुम्ही वळून पाहिलं नाहीत. कमलादीदी तुमच्यापुढे उलटं चालत होती, कुठे पाय ठेवायचा ते दाखवत. तुम्ही पलीकडे पोचलात, पुन्हा आलात आणि डायरीत लिहिलंत: एकोणीस फळ्या नाहीत.  मी अलीकडच्या काठावर तुमची पर्स धरून उभी. मला नाही जमलं, ताई. एक पायही टाकला नाही मी त्याच्यावर.

जीपमध्ये तुम्ही डायरीतलं ते पान पुन्हा उघडलंत. मग म्हणालात, "हा पूल आपण तीनदा दुरुस्त केलाय, सुजाता. मी स्वतःच्या हातानं."

परत आल्यावर तुम्ही मागची सगळी पुस्तकं काढलीत. मीच बसले होते शेजारी. दरवर्षी मार्चमध्ये त्या ओळीपुढे चांगली घसघशीत रक्कम. दरवर्षी हिवाळ्यात आकडे बदलून काढतात त्या सुधारित अंदाजात ती रक्कम शून्य. पैसा उचलून दुसऱ्या ओळीत ठेवलेला: पर्यटनाचा हिवाळी महोत्सव. स्टेज, दिवे, मुंबईहून नेलेले गायक. आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा पुलांपुढे रक्कम हजर, जशी काही मधली भानगड झालीच नाही. तुम्हाला सगळ्यात जास्त किळस कशाची आली होती, आठवतंय? की ह्यात चोरी नव्हती. "चोरी असती तर पकडता आली असती," तुम्ही म्हणालात. "प्रत्येक वळवण्याच्या आदेशावर सही आहे, शिक्का आहे. सगळं नियमात बसवून त्या बाईला नदीवर लटकवलंय."

जानेवारीत तुम्ही पुस्तकात त्या ओळीखाली एक टीप घातलीत. गेल्या तीन वर्षांत या शीर्षाखाली प्रत्यक्ष खर्च झालेला नाही. एवढंच. एक विशेषण नाही. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, हे काय? आपण ऑडिट नाही करत, आपण डॉक्युमेंट करतो."

"डॉक्युमेंटच करतेय," तुम्ही म्हणालात. "शून्य हासुद्धा आकडाच आहे."

सर हसले. सरांचं हसणं तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला सांगितलं. "सुजाता, झुलते पूल वेगळे दाखवायची गरज काय? 'रस्ते व पूल, इतर' मध्ये टाक ना ते. एकत्र केलं की शून्य दिसत नाही. आणि ती टीप काढ. मी मेल करतो तुला तसा, म्हणजे तुझ्यावर काही येणार नाही. टेन्शन घेऊ नकोस. पुढच्या वर्षी तुला सीनियर करायचंय."

मी केलं. एक चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात झालं. दोन ओळींची एक ओळ केली, टीप पुसली. वर मंत्र्यांच्या भाषणात एक वाक्यही मीच लिहिलं: 'दुर्गम खोऱ्यांतील माता-भगिनींच्या सुरक्षित प्रवासासाठी आमचे शासन कटिबद्ध आहे.' माता-भगिनी! कमलादीदीचा चेहरा डोळ्यासमोर असताना मी ते टाइप केलं. नंतर टीव्हीवर मंत्र्यांनी ते वाक्य वाचलं तेव्हा सभागृहात बाकं वाजली. त्या बाकांचा आवाज आठवला की मला आजही स्वतःची शिसारी येते.

पुस्तक छापून आलं तेव्हा तुम्ही पट्टी घेऊन ते पान उघडलंत. पट्टी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. तुम्ही मला विचारलंत, "सुजाता, ही ओळ कुठे गेली?"

मी म्हणाले, "फॉरमॅट बदललाय ना ताई, सिस्टिमनं घेतलं असेल."

"सिस्टिमनं," तुम्ही म्हणालात. बस. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नोकरी सोडलीत. मी तुमच्याबरोबर रिक्षा स्टँडपर्यंत आले. तुम्ही माझं नाव न घेता बोलत होतात, ज्यानं कुणी केलं त्यानं असं, ज्यानं कुणी केलं त्यानं तसं. मी म्हटलं, "ताई, आपण नाही केलं तर दुसरा करेल."

"मग दुसऱ्याला करू दे. तेवढं तरी आपल्या अंगावरून जाऊ दे."

"तुम्हाला पेन्शन आहे, ताई. मला हप्ता आहे."

तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलंत. तेवढ्यात रिक्षा आली, मागून गाड्यांनी हॉर्न सुरू केले, तुम्ही बसलात आणि गेलात. काय म्हणणार होतात? वर्षभर मी तुमच्या वतीनं उत्तरं तयार करत राहिले. कधी शिव्या, कधी समजूत. एकही तुमच्या आवाजात बसलं नाही.

त्यानंतर आपण एकदाच भेटलो, नेरुळच्या भाजी मार्केटात. तुम्ही मेथी निवडत होतात. मला वाटलं, आता विचारतील. तुम्ही आबांच्या गुडघ्यांचं विचारलंत, माझ्या मुलीच्या दहावीचं विचारलंत, "बारीक झालीस" म्हणालात. मग तुमची जुडी घेतलीत, एक माझ्याही पिशवीत टाकलीत आणि निघालात. बोलायची हीच वेळ होती. पाच पावलं होतं अंतर. मी कोथिंबिरीचा भाव विचारत उभी राहिले.

तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात शोकसभा झाली. तुमचा फोटो ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यामुळे ठिपक्याठिपक्यांचा दिसत होता. दोन मिनिटं उभं राहायचं होतं. पहिल्याच मिनिटात सरांचा फोन वाजला आणि ते "हां सर, हां सर, परसों तक भेज देंगे" म्हणत बाहेर गेले. आत आले तेव्हा शांतता संपली होती. मग ते तुमच्यावर बोलले. प्रामाणिकपणा, बारीक नजर, डोंगराळ भागाविषयी तळमळ. "मॅडम आपल्या कंपनीचा कणा होत्या." मी मान खाली घालून उभी.

सभा संपताच त्यांनी मला बाजूला घेतलं. "त्यांच्या घरी आपलं काही मटेरियल आहे. फायली असतील, पेन ड्राइव्ह असेल. नंतर कुणाच्या हाती लागायला नको. तू जवळची होतीस, तुला देतील. भेटायला म्हणून जा. फळं घेऊन जा." मी निघाले तसं मागून म्हणाले, "बिल लाव."

मी गेले. होय ताई, गेले. तिसऱ्या दिवशी सफरचंदं घेऊन, पावती पर्समध्ये ठेवून तुमच्या घरी गेले. सोसायटीतल्या बायकांनी डबे आणून ठेवले होते, ओट्यावर सगळे तसेच बंद. भाऊजी खुर्चीत बसले होते. तुमच्या फोनमध्ये गोळ्यांची आठवण करणारा गजर वाजत होता, तो कसा बंद करायचा ते त्यांना कळत नव्हतं. मी बंद करून दिला. मग फाइलींचं विचारलं. त्यांनी आतून एक कापडी पिशवी आणली. "ऑफिसचं असेल ते घेऊन जा. मला त्यातलं काही कळत नाही."

मी उठले, दारापर्यंत गेले आणि राहवेना. विचारलं, "भाऊजी, ताई माझ्याबद्दल काही म्हणाल्या?"

 त्यांना खोटं बोलता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे. "आधी म्हणायची," ते म्हणाले. "सुजाता येईल एक दिवस, म्हणायची. मग बंद झालं. गेले तीन-चार महिने तुझं नाव निघालं नाही."

मी त्यांना तिथेच सांगितलं. मी ओळ पुसली, मी टीप काढली, मी ताईंना सिस्टिम म्हणून सांगितलं. आणि भाऊजी, आज मी तुम्हाला भेटायला नाही, ही पिशवी न्यायला आलेय. सरांनी पाठवलंय.  भाऊजी एवढंच म्हणाले, "मग ती सफरचंदं घेऊन जा बाई." त्यांनी रागानं नाही म्हटलं. त्यामुळेच ते सोसवलं नाही.

नेरुळच्या तलावाकाठी बाकावर बसून मी पिशवी उघडली. वाटलं होतं जुनी पुस्तकं असतील. तुम्ही एक वर्ष काय करत होतात ते त्यात होतं. माहितीच्या अधिकारातले अर्ज, त्यांच्या पोचपावत्या, वित्त विभागाला लिहिलेली पत्रं. उत्तरं एकेका ओळीची: 'नोंद घेण्यात आली आहे.' शिवाय त्या खोऱ्याच्या आमदारांना दर महिन्याला एक पत्र. त्यांचं शेवटचं उत्तर वर होतं. त्यांनी लिहिलं होतं, आपलं म्हणणं खरं असेल, पण छापील पुस्तकात तर ही ओळच नाही. ती होती आणि काढली गेली, ह्याचा पुरावा असेल तर सभागृहात विचारता येईल.

त्यावर तुम्ही कळवलं होतंत, त्याची प्रत खाली होती: 'पुरावा एका व्यक्तीकडे आहे. ती देईल तेव्हा पाठवीन. तिच्यावर मी दबाव आणणार नाही.'

ताई, इतका मोठेपणा माझ्यावर का उधळलात? एक फोन करायचात. घाण घाण शिव्या द्यायच्यात. मी दिला असता पुरावा. की नसता दिला? तुम्हाला बहुधा माझ्यापेक्षा जास्त खात्री होती की नसता दिला.

पिशवी मी सरांना दिली नाही. टिपेसकटची जुनी फाइल आणि सरांचा तो मेल माझ्याकडे होता. आमदारांना फोन केला. त्यांना आधी वाटलं तुम्हीच बोलताय. मी सांगितलं. ताई गेल्या म्हणून. मग ते म्हणाले, "उनकी चिट्ठी इस महीने नहीं आई, तो मैं सोच ही रहा था." मी दोन्ही कागद पाठवले आणि सोबत लिहिलं, हा बदल मी केला, माझं नाव अमुक.

पुढचं तुम्हाला अंदाजानं कळलंच असेल. नोकरी गेली. गोपनीयतेच्या कराराचा भंग म्हणून नोटीस आली. सर म्हणाले, "मेलेल्या बाईसाठी एवढं?" मी म्हटलं, "नाही सर, जिवंत बाईसाठी." त्यांना कळलं नाही कुठली ते. घरी दोन दिवस कुणी धड बोललं नाही. हप्त्यासाठी ह्यांनी बँकेत मुदत मागितलीय, मी सानपाड्यात एका सीएकडे जीएसटीचे फॉर्म भरायला जाते. आबांना सगळं सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं पाठ थोपटतील. ते म्हणाले, "ब्येस क्येलंस. पन लई उशीर क्येलास, पोरी." बरोबर बोलले. कुणी मला शाबासकी देऊ नये. वर्षभर तो मेल माझ्या इनबॉक्समध्ये होता.

फेब्रुवारीत तिथल्या सभागृहात प्रश्न आला. मंत्री उठून म्हणाले, माहिती संकलित करण्यात येत आहे, आणि नागरिकांच्या सुरक्षेसाठी तातडीची पावलं उचलली जातील. मी यूट्यूबवर पाहत होते. खोटं नाही सांगत, माझे डोळे भरून आले. वाटलं, ताई, झालं तुमचं काम. इतक्या वर्षांत मी काही म्हणजे काहीच शिकले नव्हते.

आठवड्याभरात कमलादीदीनं फोटो पाठवला; त्या दिवशी पुलापाशी तिनं माझा नंबर घेतला होता. तातडीची पावलं उचलली होती. पुलाच्या दोन्ही तोंडांना काटेरी तार ठोकली होती आणि शेजारी लोखंडी पत्र्याचा मोठा बोर्ड: पूल धोकादायक, वापर बंद. खाली, सरकारी कामांच्या बोर्डावर असतो तसा, कामाचा तपशील. कामाचं नाव, मार्ग प्रतिबंध. लेखाशीर्ष, झुलते पूल, देखभाल व दुरुस्ती. मी पुसलेलीच ओळ.

मी फोटो मोठा करून करून वाचला. तुम्ही असता तर पट्टी धरली असतीत. इतक्या वर्षांत त्या ओळीतून खर्च झालेला हा पहिला पैसा. तारेवर आणि बोर्डावर. गाव तिकडेच, दवाखाना इकडेच, आणि वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस. मी मोरीत गेले. गार फरशीवर बसून राहिले आणि तुमच्यावरही चिडले. म्हटलं, हेच हवं होतं का तुम्हाला? ती निदान पलीकडे तरी जात होती. आपण दोघींनी मिळून तोही रस्ता बंद करून दाखवला.

कमलादीदीला फोन लावायची हिंमत व्हायला चार दिवस लागले. लावला, आणि आधी माफी मागितली. ती वाऱ्यात उभी होती, आवाज तुटत होता.

"अरे नहीं दीदी, तार तो उसी दिन काट दी गाँववालों ने. मैं आ-जा रही हूँ."

"और वो बोर्ड?"

ती हसली. "वो बीच में बिछा दिया. जहाँ सबसे बड़ा गड्ढा था ना, वहीं. लोहा अच्छा है, दीदी. सरकार ने पहली बार अच्छा माल दिया."

 तिला घाई होती, डब्यातला बर्फ वितळत होता. म्हणाली, बड़ी दीदी को बता देना, अब अठारह कम हैं.

सांगितलं, ताई.